टंचाईचा भाव



सैन्यबळाचा विषय निघाला की सर्वसामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे तोफा, रणगाडे आणि लढाऊ विमाने उभी राहतात. प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात त्यांचेच दर्शन घडते आणि वृत्तपत्रांत त्यांचीच छायाचित्रे येतात. दारूगोळ्याच्या वाट्याला असे कौतुक येत नाही. तो कोठारात पडून असतो, त्याचे हिशेब कारकुनांच्या वह्यांत असतात आणि अंदाजपत्रकात कपात करायची वेळ आली की पहिली कात्री त्याच्यावर चालते. वस्तुतः तोफ एकदा घेतली की ती दोन-तीन दशके सेवा देते. गोळा मात्र एकदाच कामी येतो. गोळा संपला की जगातील सर्वोत्तम तोफही केवळ एक लोखंडी नळी उरते.

या दुर्लक्षित वस्तूचा एक बाजार आहे आणि त्या बाजाराचा स्वभाव भाजीपाल्याच्या बाजाराहून निराळा आहे. कांदा महागला तर गृहिणी चार दिवस कांद्यावाचून भागवते. युद्ध सुरू झालेल्या राष्ट्राला दारूगोळ्यावाचून चार तासही भागवता येत नाही. विकणाऱ्याला हे पुरते ठाऊक असते. म्हणून शांततेच्या काळात दारूगोळ्याला एक भाव असतो आणि टंचाईच्या काळात दुसराच. हा दुसरा भाव गोळ्यातील पोलादाचा किंवा स्फोटकाचा नसतो. तो घेणाऱ्याच्या गाफीलपणाचा असतो. शिवाय तो केवळ पैशांत चुकता होत नाही. कधी तो धोरणाच्या स्वातंत्र्यात मोजावा लागतो, तर कधी जवानांच्या रक्तात.

भारतीय परंपरेला हे नवे नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आयुधागाराध्यक्षाची कर्तव्ये सांगणारे स्वतंत्र प्रकरण आहे. शस्त्रास्त्रांची जागा वेळोवेळी बदलावी, त्यांना ऊन-वारा द्यावा, ओलावा, उष्णता आणि किडीने बिघडणाऱ्या वस्तू निराळ्या ठेवाव्यात, प्रत्येक वस्तूची जात, लक्षण, परिमाण, ती कोठून आली आणि तिचे मूल्य काय याची नोंद असावी, असे तेथे सांगितले आहे. मागणी किती, उत्पादन किती, झीज किती, व्यय किती आणि त्यात लबाडी कोठे होते, हे सर्व या अधिकाऱ्याला माहीत असले पाहिजे, अशी कौटिल्याची अपेक्षा आहे. याच ग्रंथात व्यापाऱ्याच्या नफ्यालाही मर्यादा घातली आहे: देशी मालावर शेकडा पाच, परदेशी मालावर शेकडा दहा. संगनमत करून भाव चढवणाऱ्यांना दंड आहे. साठ्याची शिस्त आणि भावाची शिस्त या दोन गोष्टी एकाच राज्यव्यवस्थेची अंगे आहेत, हा विचार या भूमीत दोन सहस्र वर्षांपूर्वी ग्रथित झाला होता.

मग या विचाराच्या देशाला पुढे काय झाले? बंदुकीच्या दारूचा इतिहास पाहिला तर उत्तर मिळते. जुन्या काळ्या दारूत सुमारे तीन चतुर्थांश भाग सोरा असे. उरलेला गंधक आणि कोळसा. उत्तम प्रतीचा सोरा बिहारमध्ये, पाटण्याच्या परिसरात विपुल मिळे. मातीतून सोरा काढणारे नोनिया समाजातील कष्टकरी पिढ्यानपिढ्या हे काम करीत. पोर्तुगीज, डच, इंग्रज, फ्रेंच या सर्वांच्या वखारी या सोऱ्यासाठी धडपडत होत्या. प्लासीनंतर, १७५८ साली, क्लाइव्हने बिहारच्या सोऱ्याचा मक्ता मीर जाफरकडून कंपनीसाठी पदरात पाडून घेतला. त्या दिवसापासून युरोपातील इतर राष्ट्रांच्या तोफांचे खाद्य इंग्रजांच्या मुठीत जाऊ लागले. माती आमची, घाम आमचा. पण भाव ठरवण्याचा अधिकार परक्याचा.

हा अधिकार किती मोठा असतो, याची प्रचीती एका शतकानंतर अमेरिकेला आली. तेथे यादवी युद्ध सुरू होते. लिंकन यांच्या सरकारजवळ सोरा अपुरा होता. १८६१ च्या अखेरीस सरकारने दारू उत्पादक ड्यू पाँट घराण्यातील लॅमॉट ड्यू पाँट या तरुणाला गाजावाजा न करता इंग्लंडला पाठवले. बाजारात उपलब्ध असलेला बहुतेक सगळा भारतीय सोरा त्याने विकत घेतला आणि जहाजांवर चढवण्यास आरंभ केला. त्याच सुमारास ‘ट्रेंट’ या ब्रिटिश जहाजावरून दक्षिणेच्या दोन प्रतिनिधींना अमेरिकन आरमाराने पकडून नेल्याची वार्ता लंडनला पोहोचली. ब्रिटनने तत्काळ सोऱ्याची निर्यात रोखली. पैसे देऊन झाले होते, माल गोदीत होता, पण तो हलेना. पकडलेल्या दोघांना अमेरिकेने मुक्त केले, तेव्हाच १८६२ च्या आरंभी सोऱ्याची वाट मोकळी झाली. सोऱ्याची पावती पौंडांत होती; खरी किंमत मात्र एका सार्वभौम राष्ट्राने आपला निर्णय मागे घेऊन चुकवली. आणि ज्या बिहारच्या मातीतून तो सोरा निघाला, त्या बिहारला या व्यवहारात शब्दही नव्हता.

महाराष्ट्राच्या इतिहासात याच बाजाराचे आणखी एक रूप दिसते. १६६० साली सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला, तेव्हा राजापूरच्या वखारीतील इंग्रज आपला तोफगोळा घेऊन त्याच्या छावणीत गेले आणि आपले निशाण लावून त्यांनी गडावर मारा केला. व्यापारी म्हणून तटस्थ राहण्याचे वचन त्यांनी मोडले. शिवछत्रपतींनी पुढच्याच वर्षी राजापूरवर चाल करून वखार लुटली आणि हेन्री रेव्हिंग्टनसह इंग्रजांना कैदेत टाकले. व्यापाराच्या नावाखाली दारूगोळा शत्रूला पुरवणारा हा व्यापारी राहत नाही, तो युद्धातील पक्ष होतो, हा धडा त्यांनी घालून दिला. पुढे महाराजांनी इंग्रजांकडे जंजिऱ्याच्या मोहिमेसाठी तोफा व गोळे मागितले, तेव्हा मोगलांच्या भयाने इंग्रजांनी टाळाटाळ केली. महाराजांनी फ्रेंचांकडून तोफा व शिसे मिळवले. एकाच पुरवठादारावर विसंबायचे नाही, ही त्यांची नीती होती.

रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त या अनुभवाचे सार उतरले आहे. दारूखाना वस्तीच्या घरांपासून दूर असावा, त्याचे तळ गच्च असावे, ओल लागू देऊ नये, हवालदाराने आठ-पंधरा दिवसांनी दारू व बाण बाहेर काढून त्यांना ऊन द्यावे आणि पुन्हा मुद्रा करून ठेवावेत, अशा बारीकसारीक सूचना त्यात आहेत. टोपीकर हे इतर सावकारांसारखे केवळ सावकार नव्हेत, त्यांच्यामागे त्यांचे राजे आहेत, हा इशाराही त्याच ग्रंथात आहे. एकाच लेखणीतून हे दोन्ही विचार उतरावेत, हा योगायोग नव्हे. ज्याचे स्वतःचे कोठार भरलेले आणि कोरडे असते, त्यालाच टोपीकराशी ताठ मानेने बोलता येते.

स्वतंत्र भारताने या परंपरेतून काय घेतले? १९६५ चे युद्ध पाहावे. २२ सप्टेंबरच्या सुमारास पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी सेनाप्रमुख जनरल चौधरी यांना विचारले की, युद्ध आणखी काही दिवस चालले तर निर्णायक विजय मिळेल काय? आघाडीचा बहुतांश दारूगोळा संपत आला आहे, असे उत्तर मिळाले आणि युद्धविराम स्वीकारला गेला. नंतर हिशेब झाला, तेव्हा आघाडीच्या दारूगोळ्यापैकी केवळ १४ टक्क्यांच्या आसपास खर्च झाल्याचे आढळले. साठा होता, साठ्याचे ज्ञान नव्हते. न मोजलेले धान्य असूनही घर उपाशी राहावे, तशी ही गत. टंचाई केवळ कोठारात नसते, ती वहीतही असते.

कारगिलच्या वेळी, १९९९ साली, स्थिती याहून वेगळी होती. आर्थिक तंगीत गेलेल्या नव्वदच्या दशकात लष्कराच्या गरजा सातत्याने मागे पडल्या होत्या. बोफोर्स प्रकरणानंतर तोफखान्याच्या खरेदीचा विषय काढण्यासही सरकारे कचरत होती. आणि त्याच बोफोर्स तोफांनी द्रास व बटालिकची शिखरे भाजून काढली. त्या युद्धात भारतीय तोफखान्याने अडीच लाखांहून अधिक गोळे, बाँब व अग्निबाण डागले. जे हाती आहे त्यानिशी लढू, असे सेनाप्रमुख जनरल वेदप्रकाश मलिक यांनी जाहीरपणे सांगितले. या उद्गारात शौर्य आहे, तसेच एक मूक तक्रारही आहे. सैन्य हाती असेल त्यानिशी लढतेच. हाती काय द्यायचे, हे मात्र राष्ट्राने आधी ठरवायचे असते.

युद्ध सुरू असताना भारताने जगाच्या बाजारात धाव घेतली. तेथे काय अनुभव आला, हे जनरल मलिक यांनीच २०१९ साली चंडीगढ येथे सांगितले. ज्या ज्या देशाकडे विचारणा केली, त्याने अडचणीचा फायदा उठवण्याचाच प्रयत्न केला. तातडीने मागवलेला दारूगोळा सत्तरच्या दशकातील निघाला. उपग्रहाच्या एकेका छायाचित्रासाठी ३६,००० रुपये मोजावे लागले आणि ती छायाचित्रेही तीन वर्षांपूर्वीची होती. महालेखापरीक्षकांनी २००१ च्या अहवालात नोंदवले की, या युद्धासाठी तातडीच्या नावाखाली केलेल्या खरेदीतील बहुतांश माल युद्ध थांबल्यानंतर देशात पोहोचला. तेव्हा देशात राष्ट्रीय विचारांचे सरकार होते, म्हणून हा अहवाल विसरणे प्रामाणिकपणाचे ठरणार नाही. दोष एका सरकारचा नव्हता. तो साऱ्या व्यवस्थेच्या सवयीचा होता. तहान लागल्यावर विहीर खणण्याची ही सवय आहे, आणि त्या विहिरीचे पाणी विकत घ्यावे लागते.

टंचाईतील खरेदीचे गणित समजून घेणे उपयुक्त आहे. तोफगोळा म्हणजे एक वस्तू नव्हे. पोलादी कवच, त्यात भरलेले स्फोटक, त्याला पुढे फेकणारी प्रक्षेपक दारू, पेट घेणारा प्रायमर आणि नेमक्या क्षणी स्फोट घडवणारा फ्यूज, असे त्याचे अनेक घटक असतात. प्रत्येकाचा कारखाना निराळा. यातील एकही घटक कमी पडला तर उरलेले सर्व निरुपयोगी. नवी उत्पादन-साखळी उभी करण्यास वर्षे लागतात. म्हणून युद्धात घाईने माल मागणाऱ्याला नवा माल मिळतच नाही; दुसऱ्याच्या कोठारातील मुदत संपत आलेला माल मिळतो, आणि तो नव्याच्या भावाहून महाग मिळतो. विकणाऱ्याची अडगळ रिकामी होते आणि घेणाऱ्याची तिजोरी.

कारगिलनंतर व्यवस्था लगेच सुधारली असेही नाही. चाळीस दिवसांच्या घनघोर युद्धाला पुरेल इतका साठा हा ठरलेला निकष. महालेखापरीक्षकांच्या २०१५ च्या अहवालानुसार मार्च २०१३ मध्ये दारूगोळ्याचे निम्मे प्रकार दहा दिवसांनाही पुरणारे नव्हते. २०१७ च्या अहवालानुसार सप्टेंबर २०१६ मध्ये १५२ पैकी ६१ प्रकारांची तीच अवस्था होती. चाळीस दिवसांचा निकष केवळ ३१ प्रकार पूर्ण करीत होते. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना, उरीच्या हल्ल्यानंतर, दारूगोळा व सुटे भाग तातडीने घेण्याचे आर्थिक अधिकार सेनादलांच्या उपप्रमुखांना देण्यात आले. गलवाननंतर २०२० मध्ये ३०० कोटी रुपयांपर्यंतच्या तातडीच्या भांडवली खरेदीची मुभा मिळाली. फाइल मंत्रालयाच्या मजल्यांवर फिरत राहण्याचा काळ त्यामुळे घटला. तरीही तातडीचा अधिकार हे औषध आहे, आहार नव्हे.

स्वदेशी उत्पादनाचा मार्गही सोपा नव्हता. बिहारमधील नालंदा येथे तोफेच्या प्रक्षेपक दारूच्या आधुनिक घटकांचा कारखाना उभारण्यासाठी १९९९ च्या एप्रिलमध्ये, म्हणजे कारगिलच्या अगदी तोंडावर, जॉर्ज फर्नांडिस यांनी पायाभरणी केली. तंत्रज्ञान देणाऱ्या परदेशी कंपनीवर गैरव्यवहाराचे आरोप झाले, तिच्यावर बंदी आली. दुसरी कंपनी निवडली, तिच्यावरही बंदी आली. कारखाना वर्षानुवर्षे रखडला. भ्रष्टाचाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे, याविषयी दुमत नाही. परंतु पुरवठादार एकेक करून बाद होत गेले आणि स्वतःचा पर्याय उभा राहिला नाही, तर उरलेल्या विक्रेत्यांचा भाव आपोआप चढतो. यातून वाट काढली ती पुण्याच्या सुतारवाडीतील संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी. त्यांनी हे प्रक्षेपक घटक स्वदेशी तंत्रज्ञानाने विकसित केले. ज्या बिहारचा सोरा क्लाइव्हने बळकावला, त्याच बिहारच्या कारखान्याला दारूचे सूत्र अखेर भारतीय प्रयोगशाळेने दिले, ही घटना पुरेशी बोलकी आहे.

आयुध निर्माणींच्या पुनर्रचनेचा प्रश्न याहून नाजूक. या कारखान्यांत जेवढा खर्च येईल तेवढी किंमत लावण्याची पद्धत होती. खर्च कमी करण्याची प्रेरणा नव्हती आणि घेणाऱ्या सैन्याला निवडीचे स्वातंत्र्यही नव्हते. विजय केळकर समितीने दोन दशकांपूर्वीच निगमीकरणाची शिफारस केली होती. १ ऑक्टोबर २०२१ रोजी मंडळ विसर्जित होऊन सात कंपन्या निर्माण झाल्या. दारूगोळ्याची धुरा पुण्यातील म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आली. खडकी, देहूरोड, वरणगाव, भंडारा, चांदा येथील कारखाने आता तिच्या छत्राखाली आहेत. या निर्णयाला कामगार संघटनांनी विरोध केला आणि त्यात राष्ट्रीय विचारांचा भारतीय प्रतिरक्षा मजदूर संघही होता. हा विरोध देशविरोधी नव्हता. शांततेच्या काळात मागणी घटते, तेव्हा नफ्यावर चालणारी कंपनी उत्पादन-साखळी बंद करील आणि युद्धाच्या वेळी ती पुन्हा उभी राहणार नाही, ही त्यामागील शंका रास्त होती. युद्धासाठी राखलेली क्षमता ही विम्याच्या हप्त्यासारखी असते. ताळेबंदात ती तोटा दिसते; संकटात तीच आधार होते. कंपनी झाली म्हणून हा हप्ता भरण्याची राष्ट्राची जबाबदारी संपत नाही.

युरोपने हा हप्ता तीस वर्षे भरला नाही. शीतयुद्ध संपले, शांतता कायमची आली, असे मानून तेथील कारखाने आकसले. २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध पेटले आणि १५५ मि.मी. गोळ्यांची मागणी गगनाला भिडली. नाटोच्या लष्करी समितीचे तत्कालीन अध्यक्ष ॲडमिरल रॉब बावर यांनी २०२३ मध्ये सांगितले की, युद्धापूर्वी सुमारे २,००० युरोला मिळणारा गोळा ८,००० युरोवर गेला आहे. युरोपीय संघाने मार्च २०२४ पर्यंत युक्रेनला दहा लाख गोळे देण्याचे वचन दिले. मुदतीत निम्म्याच्या आसपासच पोहोचले. पैसा होता, इच्छा होती, गोळे नव्हते. प्रक्षेपक दारूला लागणारे नायट्रोसेल्युलोज ज्या सरकीवरील आखूड तंतूंपासून बनते, त्यांच्यासाठीही युरोपला चीनकडे पाहावे लागत होते. विदर्भ-खानदेशच्या कापूस उत्पादकाला आपल्या सरकीचा तोफेशी संबंध आहे, हे कदाचित ठाऊकही नसेल. परंतु तो आहे.

भारताने या काळात बरीच मजल मारली, हे मान्य केले पाहिजे. लष्कर वापरत असलेल्या दारूगोळ्याच्या बहुतेक प्रकारांचे उत्पादन आता देशात होते. नागपूरच्या खासगी उद्योगाने बनवलेले हातबाँब २०२१ पासून सैन्याच्या हाती आहेत. २०२४-२५ मध्ये संरक्षण उत्पादन १,५०,५९० कोटी रुपयांवर आणि संरक्षण निर्यात २३,६२२ कोटी रुपयांवर पोहोचली. कालचा ग्राहक आज विक्रेता होत आहे. म्हणूनच एक प्रश्न आता निराळ्या बाजूने विचारावा लागेल. कारगिलच्या वेळी जगाने भारताशी जे केले, ते उद्या एखाद्या छोट्या मित्रराष्ट्राच्या संकटात भारताने करावे काय? वाजवी नफा घेण्यात पाप नाही. परंतु शेकडा पाच आणि दहाची मर्यादा घालणाऱ्या परंपरेच्या वारसांनी अडलेल्याची नड पाहून भाव सांगू नये. त्याचबरोबर निर्यातीच्या मोहात स्वतःचे कोठार रिकामे होऊ देऊ नये. हे दोन्ही तोल सांभाळणे ही उद्याची कसोटी आहे.

आणि एक किंमत अशी आहे, जी कोणत्याही निविदेत लिहिलेली नसते. ३१ मे २०१६ रोजी पुलगावच्या दारूगोळा भांडारात आग लागली. ती विझवताना अधिकारी, जवान व अग्निशमन कर्मचारी प्राणास मुकले. २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याच्या कारखान्यातील स्फोटात आठ कर्मचारी मृत्युमुखी पडले. सीमेवर पडलेल्या वीराला तिरंग्याची मानवंदना मिळते आणि ती मिळालीच पाहिजे. स्फोटकांच्या घमेल्याशी आयुष्य काढणाऱ्या कामगाराची आठवण मात्र दोन दिवसांत विरते. त्याची सुरक्षितता, त्याच्या विधवेचे निवृत्तिवेतन, त्याच्या मुलांचे शिक्षण हे विषय राष्ट्ररक्षणाचेच आहेत. आज्ञापत्रकारांनी दारूखाना घरापासून दूर ठेवायला सांगितला, तो माणूस वाचावा म्हणूनच.

सर्वसामान्य नागरिकाने यात काय करावे, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. दारूगोळा घराघरांत बनत नाही. परंतु जनमत घराघरांतच बनते. संरक्षणाच्या अंदाजपत्रकाची चर्चा होते, तेव्हा केवळ नव्या विमानांविषयी न विचारता साठा किती दिवसांचा आहे, असे लोकप्रतिनिधीला विचारणारा मतदार हवा. महालेखापरीक्षकांचा अहवाल आपल्या आवडीच्या सरकारवर ठपका ठेवतो की नावडत्या, हे न पाहता तो वाचणारा कार्यकर्ता हवा. खडकी, वरणगाव किंवा भंडाऱ्याच्या कामगार वसाहतीत राहणाऱ्या कुटुंबांशी नाते जोडणारा समाज हवा. रसायनशास्त्र व धातुशास्त्र शिकणाऱ्या तरुणाला सुतारवाडीच्या प्रयोगशाळेची वाट दाखवणारे पालक हवेत.

युद्ध कोणालाच नको असते. परंतु ते टाळण्याचा उपाय शत्रूच्या सद्भावनेवर सोपवता येत नाही. भरलेले, कोरडे, मोजलेले आणि आपलेच कोठार हा तो उपाय आहे. शांततेच्या काळात रोज थोडी किंमत देणाऱ्या राष्ट्राला संकटाच्या दिवशी परक्याच्या दारात भाव विचारत उभे राहावे लागत नाही.

भारत माता की जय!